चाचणीपुरती जागा

दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची मुलगी.

“दादा अजून शुद्धीवर नाही, आणि तुझं इथेही कामच का गं?”

“हात रिकामे राहिले की डोकं फिरतं, बाबा.”

“काय करतेस?”

“फायली ठेवायची खोटी जागा बनवतेय. नुसती मेमरीत. खऱ्या डिस्कला धक्का लागत नाही.”

“खोटी कशाला?”

“आमचा नवा कोड सिस्टिमच्या पार गाभ्यात बसतो, कर्नलमध्ये. तिथे चुकला तर सगळ्याची वाट लागते. म्हणून आधी इथे चुकू द्यायचं.”

“आणि चुकल्यावर?”

“मशीन बंद करायचं. सगळं पुसलं जातं. परत कोरं.”

“बरं आहे.”

“काय?”

“तुला मी कधी पट्ट्याने मारलं नाही.”

“नाही.”

“नापास झालीस, तरी घराबाहेर उभं केलं नाही.”

“नाही. असं का म्हणताय?”

“ते सगळं दादावर करून झालं होतं.”

दार उघडून नर्स बाहेर आली.

“पेशंट शुद्धीवर आलेत. एकालाच आत सोडता येईल.”

“बाबा, तुम्ही जा.”

“तूच जा. आणि मी आलोय, हे त्याला सांगू नकोस.”