साडीने मोजलेली फेरी

सुरतच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या उषाबाईंच्या कानावर शेजारच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

"मोजलीस बागेची फेरी, हर्षल?"

"मोजली, ताई. चारशे मीटर नाही, तीनशे साठच भरली."

"बाबांनी तर साडी अंथरून मोजली होती!"

"त्यांनी साडी साडेपाच मीटरची धरली. त्यांनी मागावर विणलेली ती साडी पाचचीच निघाली."

"म्हणजे कारखान्यातल्या पाळीआधी रोज दहा किलोमीटर धावायचे, ते..."

"नऊच."

"उद्या पाय कापणार आहेत त्यांचा. सांगू नकोस."

"खोटं माप देऊ नये, हे त्यांनीच शिकवलं ना?"

तेवढ्यात चाकाच्या खुर्चीवरून काशिनाथ आले.

"काय रे, भरली का बरोबर?"

"दोन मीटर जास्तच भरली, बाबा."

"तरीच! शेवटच्या फेरीला दम लागायचा."