डोळ्यामागचा थर

डोळ्यांत थेंब घालून म्हातारा शिंपी दवाखान्याच्या बाकावर बसला होता. अर्धवट उघड्या दारातून तपासणीच्या खोलीतलं एका लहान मुलीचं, तिच्या वडिलांचं आणि तपासणाऱ्या बाईंचं बोलणं त्याच्या कानावर येत होतं.

"माझे डोळे चांगले आहेत. मग मलाच का बसवलंत?"

"चांगल्या डोळ्याचं माप ठाऊक नसेल, बाळा, तर बिघडलेला ओळखायचा कसा?"

"सुई टोचणार?"

"नाही गं. नुसता उजेड. हनुवटी इथे टेकव. बाबा, पडद्यावर बघा. हा खालचा थर नुसत्या रक्तवाहिन्यांचा. डोळ्याला हाच जेवू घालतो."

"केवढा जाड आहे हो, बाई?"

"मिलिमीटरचा तिसरा हिस्सा."

"डोळ्याला हात न लावता मोजलंत?"

शिंप्याने नकळत चिमूट जुळवली आणि तेवढी जाडी बोटांत धरून पाहिली.

"माझ्या धाकट्या बहिणीला केवढा जाड चष्मा आहे. तिचा थर कसा असेल?"

"बहुतेक याहून पातळ."

"मग माझ्यातला थोडा तिला द्या."

"तसा देता येत नाही, राणी. पण तुझं माप तिच्या डॉक्टरांना उपयोगी पडेल."

खुर्ची करकरली.

"मग दुसरा डोळापण मोजा. मी अजिबात हलणार नाही."