रिक्त घराणं

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणू नका रे, बोर्ड तर केला होता! ऐंशी सालच्या आसपास मी पावणे गावाजवळच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. खेड्यात आरोग्य कर्मचारी नाहीत अशी ओरड झाली, तेव्हा वरून तीन पदं मंजूर झाली आणि लगेच दारावरच्या बोर्डावर रंगवलीसुद्धा. डॉक्टर : रिक्त. नर्स : रिक्त. मलेरिया कर्मचारी : रिक्त.

गावातल्या नथूदादांच्या सुनेचे दिवस भरत आलेले. ते रोज येऊन नर्सची चौकशी करायचे. एकदा तपासणीला मोठे साहेब आले, तर दादा थेट त्यांच्यावरच घसरले.

"डॉक्टर रिक्त, नर्स रिक्त, मलेरियावाला बी रिक्त! सगल्या नोकऱ्या एकाच घरात दिल्याव? आमच्या गावातला एक मानूस नाय गावला तुमाला?"

"अहो, ते आडनाव नाही," साहेब म्हणाले. "रिक्त म्हणजे अजून कोणाला नेमलेलं नाही."

"मंग बोर्ड कोनासाठी?"

साहेब माझ्यावर डाफरले, "लोकांना न कळणारे शब्द लिहिता कशाला? दुरुस्त करून घ्या!"

आठवड्याच्या आत माणूस आला. नर्स नव्हे, पेंटर. त्याने तिन्ही 'रिक्त' खरवडले आणि तिथे 'लवकरच' लिहिलं.

तोवर सून सुईणीच्या हातून बाळंत झाली होती. दादा पेढे घेऊन आले, बोर्ड वाचला आणि मला म्हणाले, "रिक्तांची बदली झाली वाटतं. या लवकरचबाईंना सांगा, नातवाच्या लग्नाला तरी पोचा म्हनावं!"