एकीच्या नावाच्या गोळ्या

जळगावात, मनाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी पहूरची एक बाई होती आणि तिच्यापलीकडे भडगावच्या उषाअक्का.

“तुले काय होते व?”

“रडू यायचं, अक्का. भाकरी थापता थापता यायचं.”

“अन् मालक?”

“ते बाहेर गाडीवर बसेल आहेत. त्यांले काही नाही. गडीमाणसाले असं होत नाही, म्हणतात.”

“बरं आहे मंग.”

“नुसते चिडतात. जेवणाचं ताट फेकतात. औंदा मळ्यातल्या भरीत पार्टीलेही गेले नाहीत. दरसाल वांगे तेच भाजायचे.”

“भरीत सोडलं? मंग त्याले दाखव ना डॉक्टरले.”

“डॉक्टरचं नाव काढलं का बोलणंच बंद.”

“तुले गोळ्यांनी फरक पडला?”

“पडला. रडू थांबलं. पण गोळ्या लवकर सरतात.”

“काऊन?”

“ते चोरून घेतात. मले माहीत नाही, असं त्यांले वाटते.”

“मंग आज डॉक्टरले काय सांगशील?”

“रडणं वाढलं म्हणून सांगते. गोळ्या वाढवून देतील.”

“डॉक्टरसमोर खोटं बोलशील?”

“काल त्यांनी भरताचे वांगे आणले, अक्का.”