डॉक्टरांना मत

तुला कधी सांगितलं नाही ना, आमच्या ह्यांनी वेल्समध्ये कौन्सिलचं इलेक्शन लढवलं होतं? तेव्हा हे तिथल्या एका खेड्यात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते. गावातली शाळा बंद करायचं कौन्सिलमध्ये घाटत होतं, ते थांबवायला हे उभे राहिले. आम्ही घरोघरी फिरलो. सगळीकडे चहा, केक आणि "डॉक्टर, मत तुम्हालाच!"

आणि हे सपशेल आपटले.

दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी ग्वेन आली. म्हणाली, "डॉक्टर, रागावू नका. मी मत दुसऱ्याला दिलं. बऱ्याच जणांनी तसंच केलं. तुम्ही मीटिंगांमध्ये अडकलात तर आम्हाला कोण तपासणार?"

पुढे शाळा बंद झाली. मुलाबाळांवाली घरं गाव सोडून गेली. पेशंट उरले नाहीत, तसा ह्यांचा दवाखानाही बंद झाला. आम्ही नॉटिंगहॅमला निघालो, तेव्हा ग्वेन गाडीपाशी आली.

"डॉक्टर, तुम्ही निवडून आला असतात तर शाळा वाचली असती का हो?"

हे म्हणाले, "छे हो, एकट्या माणसानं काय फरक पडतो!"

तिला बरं वाटलं असावं. शाळा बंद करायचा ठराव एका मतानं पास झाला होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.