आठवडाभर एकच शब्द

—तसं नाही, तुमचे मामा खाली हसले त्याचा मले राग नाही आला. म्हणजे आला, पण तो हसण्याचा नाही. बबनराव मामा बिचारे पोह्याची प्लेट हातात घेऊन सरळ इचारून राह्यले होते — पोरी, तू इंग्रजीचा क्लास घेतं म्हणे, आज काय शिकवलं? मी म्हटलं, रन. ते म्हणे, रन म्हणजे पळणे, हे तं आमच्या बकऱ्या राखणाऱ्यालेही येते. मंग मी म्हटलं, आठवडा झाला, अजून संपला नाही तो शब्द — अन् सगळे हसले. तुमी नाही हसले, मी पाह्यलं. बसा ना त्या बाकावर, पोरायचा हाय, उलीसा डुगडुगते पण पडत नाही. मी उभीच बरी, मले इथं उभ्यानं बोलाची सवय हाये. आता खाली मोठ्या माणसायनं ‘पोरा-पोरीले थोडं बोलू द्या’ म्हणून आपल्याले गच्चीवर पाठवलं, अन् सगळे कान वर करून बसले असतीन. बसू द्या. या घरात आज जे काही बोलाचं ते मोठ्यानंच बोलाचं असं मी सकाळीच ठरवलं.

हाच तो फळा. हे वरतं टीनाचं शेड विकासनं घातलं — विकास म्हणजे माहा लहाना भाऊ, तुमाले चहा दिला तो. इथं माहा क्लास भरते. शेलूबाजारात इंग्रजीचे दुसरेही क्लास हायेत, तिथं भिंतीवर विमानाचं चित्र हाय अन् एका दिवसात तीस शब्द देतेत. मी नाही देत. मी पोट्ट्यायले सांगते, एक शब्द घ्या, त्याचा पुस्तकातला अर्थ आणू नका, आपापल्या घरातून अर्थ घेऊन या. काय आणलं नाही त्यायनं? एकाच्या आईच्या लाल लुगड्याचा रंग बापाच्या पांढऱ्या सदऱ्याले लागला, बाप लग्नाले जायचा तो घरीच बसला — तो रंग रन झाला. एकीच्या घरची चहापत्ती संपली, रन आऊट. बोअरचं पाणी रन, लहान्याचं नाक रन, कारंज्याची बस रन. एकानं आणलं, मॅडम, आमच्या घरात टक्कल रन होते, आज्याले, बापाले, दोन्ही काकायले — हसू नका, तुमच्या मामायचं डोकं मी पाह्यलं हाय, तुमी आतापासून तेल लावत जा. अन् आमची धम्मदीपा हाय, आठवीतली, तिची आई ग्रामपंचायतीले उभी राह्यली होती, तिनं ते आणलं. मी म्हटलं, पाहा, अमेरिकेत निवडणुकीले पळतेत अन् आपल्याकडं उभं राह्यतेत. तिनं इचारलं, मॅडम, अन् पडणं दोन्हीकडं सारखंच काय? असे पोट्टे हायेत माहे. एका दिवसात तीस शब्द शिकून हे सुचलं असतं काय तिले? नसतं सुचलं.

कंटाळा तं नाही ना आला? तुमाले खरंच ऐकाचं हाय? याआधी एकजण आले होते, वाशिमचे, ते या बाकावर बसून सारखे मोबाइल पाहत होते, मी त्यायले एक शब्दही शिकवला नाही. तर त्या मोठ्या इंग्रजी डिक्शनरीत या एका क्रियापदाचे सहाशेच्या वर अर्थ देल्ले हायेत — खोटं नाही, कुठंही पाहा. अन् हा शब्द आला कुठून म्हणाल तर तो मुळात एकटा नव्हताच. जुन्या इंग्रजीत दोन शब्द होते — एक आपण पळाचं त्याचा, वाहत्या पाण्यालेही तोच, अन् दुसरा दुसऱ्याले पळवाचं त्याचा, घोड्याले बिड्याले. मंग समुद्रापलीकडून उत्तरेकडचे लोक आले, राह्यले, त्यायचा आपला अजून एक होता तसाच. हे सगळे बोलता बोलता एकमेकात मिसळले, पार एकच होऊन गेले. आता इंग्रजाले इचारा, पळाला का पळवला — शब्द एकच. आपलं तसं नाही. आपण अजून पळणं वेगळं अन् पळवणं वेगळं ठेवलं. म्हणूनच तं आपल्या गावाले एवढी करमणूक होते. अर्धं गाव म्हणते, ती पळाली. अर्धं गाव म्हणते, त्यानं पळवली.

कोण म्हणजे — कोणी नाही. जाऊ द्या.

ते? ते काही नाही, पुसलेलं हाय. फळ्याच्या कोपऱ्यात आपलं कायबी उरते. ...बरं, तुमची नजर चांगली हाय. हो, ओळच होती. आईनं पुसली सकाळी, पदरानं. तुमी लोक यायच्या आधी ती वर आली, मुगवड्या वाळत घातल्या होत्या त्या काढायले, अन् तिनं फळा वाचला. तिले इंग्रजी येत नाही, पण मी सगळं बाजूले मराठीतही लिहिते. तिनं पदर घेतला अन् ती एकच ओळ पुसली, लुगड्याचा रंग, टक्कल, चहापत्ती सगळं राहू देल्लं. नवीन लुगडं होतं तिच्या अंगावर, त्याले खडू लागला. अजूनही हाय पाहा, खाली गेल्यावर पाहा.

काय होतं लिहिलेलं? सहावीतली एक पोरगी हाय, लहानशी, तिच्या मनात काही पाप नाही. तिनं काल हात वर केला अन् म्हणे, मॅडम, मी रन अवे आणला, तुमच्या ताईसारखं. पोट्ट्यायनं माना खाली घातल्या, त्या पोरीच्या डोळ्यात तं पाणीच आलं, तिले समजेना आपण काय केलं. मी काय कराचं? मी म्हटलं, बरोबर आणला, अर्थ बरोबर हाय, पण माणूस चुकला. अन् मी लिहिलं फळ्यावर — ‘ज्योत्स्नाताई पळाली नाही’. तेच पुसलं आईनं.

हाये. मले मोठी बहीण हाये. घ्या, झालं बोलून. आता वापस नाही घेत मी. तुमचं मंगरूळपीर काही लय दूर नाही, आज नाही तं पंधरा दिवसानं तुमच्या कानावर आलंच असतं, अन् कोणी तरी मीठमसाला लावूनच सांगितलं असतं, त्यापेक्षा माह्या तोंडून ऐका. माही ताई कारंज्याले असते. तिच्या मालकाचं नाव किशन, तांड्यावरचा हाय, बंजारा, जीप हाय त्याची. आमी कुणबी. एवढंच हाय बा त्यात, दुसरं काही नाही. आता मले सांगा, पळणं म्हणजे काय? कोणी मागं लागलं तं माणूस पळते, का नाही? ताईच्या मागं कोणीच लागलं नाही. ती रात्री नाही गेली, भिंतीवरून उडी मारून नाही गेली. भर दुपारी गेली, सगळा बाजार भरलेला, एसटीनं, तिकीट काढून, खिडकीजवळ बसून. आईनं तिले डबा बांधून देल्ला होता — ज्वारीची भाकर अन् मिरचीचा ठेचा. हो, आईले माहीत होतं. हे बाबाले माहीत नाही, आता तुमाले माहीत झालं. अन् पिशवी कोणी धरली? मी. स्टँडपर्यंत मी धरली, बसमध्ये मी चढवली, वर ठेवली. असं पळणं तुमी कुठं पाह्यलं हाय काय, की धाकटी बहीण पिशवी धरते अन् आई डबा देते?

अन् बाबा. बाबा समोरच होते. रस्त्याच्या पल्याड चहाच्या टपरीवर उभे, हातात गिलास. त्यायनं पाह्यलं. ताईनंही त्यायले पाह्यलं खिडकीतून. मी म्हटलं, आता येतीन, आता रस्ता ओलांडतीन, आता तिचा हात धरून खाली ओढतीन. नाही आले. ड्रायव्हर खाली पान थुकत होता तवरोक गाडी उभीच होती, लय वेळ होता त्यायच्याकडं. त्यायनं तोंड दुसरीकडं केलं. गाडी गेली तवा गिलास टपरीवाल्याले वापस देल्ला, भरलेलाच. मंग घरी येऊन ओसरीवर बसून म्हणाले, पळून गेली. त्या दिवसापासून त्यायचा तोच शब्द हाय, अन् गावानं त्यायच्याच तोंडून घेतला तो. मले सांगा, तोंड फिरवणाऱ्याले काय म्हणाचं? त्याले त्या सहाशे अर्थायमधी एकही अर्थ नाही.

जाते मी तिच्याकडं. क्लासची पुस्तकं आणायले कारंज्याले जाते, असं सांगते. बाजार समितीजवळ तिची खानावळ हाय, कापसाच्या गाड्या येतेत तवा तं पाय ठेवायले जागा नसते, सगळं तीच सांभाळते, किशन भाऊजी जीपवर नसले की ताटं धुतेत. इंग्रजीत म्हणतेत ना, शी रन्स अ प्लेस — तसं. मी गेली की पहिले मले जेवाले वाढते अन् मंग हळूच इचारते, बाबायची गुडघेदुखी कशी हाय? रोज जवळून जीप जाते तिच्या घरची, या खालच्या रस्त्यानं, पण तिचं पाऊल या उंबऱ्यात नाही.

काहून सांगून राह्यली हे सगळं तुमाले? मले बी कळेना. पसंत नसते तुमी तं एवढं बोलली नसती. ...ते ऐकू नका. म्हणजे ऐकलंच तुमी. ऐका मंग. चांगले दिसता, मधात तोंड घालत नाही, तुमी हो म्हटलं तं मले वाईट वाटणार नाही. पण खाली तुमच्या मामायनं इचारलं, रामराव, लेकरं किती? तवा तुमी तिथंच होते. आमच्या बाबायनं काय म्हटलं? दोन. हे पोरगी अन् विकास. असं म्हटलं की जसे गोठ्यातले ढोरं सांगून राह्यले. आई मीठ आणते म्हणून आत गेली, मीठ कोणी मागितलं नव्हतं. अन् मी पोह्याचा ट्रे घेऊन उभी, मान खाली. मान वर केली असती तं तिथंच बोलली असती. आता हे दोन मानून मी मांडवात उभी राहू काय? माह्यामागं करवली म्हणून ताई उभी राहीन, अन् तिच्या शेजारी किशन भाऊजी, तुमच्या मामायसमोर, गावासमोर. तुमाले चालत नसीन तं आताच सांगा, राग नाही. पण ‘लग्न होऊ दे, मंग पाहू’ असं सांगू नका, ते मी लय ऐकलं हाय.

काय म्हटलं? ...हो, इचारा ना. बाबायलेच इचारा, ते पायऱ्या चढूनच राह्यले.

या बाबा, वरच या, काही बिघडलं नाही. झालंच आमचं. हे इचारत होते, आपल्या घरी लेकरं किती. मी तीन सांगितलं. थोरली ज्योत्स्ना, मंग मी, मंग विकास. यायले सगळं सांगितलं, टपरीवरचंही. खाली बबनराव मामायले अजून दोनच माहीत हायेत. ते तुमी दुरुस्त करता, का मी करू?

बोला ना बाबा.

...बरं. सरका मंग उलीसे. मले खाली जाऊ द्या.