विजांच्या केंद्राची गच्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय दत्तात्रेयशेठ, मुख्य कार्यालयातून मुद्दाम पेणला आलेले प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती डॉक्टर गोपाळराव आठल्ये, त्यांच्या शेजारी बसलेल्या श्यामलावहिनी, तडित संशोधन केंद्रातले कर्मचारी बंधुभगिनी, आणि मिठागरावरचं काम टाकून आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी काळुराम म्हात्रे, खाडीकाठच्या शाळेतला मास्तर. साहेब बढतीवर चालले, तेव्हा ग्रामस्थांच्या वतीने चार शब्द बोलायला मला उभं केलंय. शब्द मी घरून लिहून आणले होते. ते खिशातच राहू देत. का, ते ओघात कळेल.

गोपाळराव मूळचे रोह्याचे, तिथल्या वरसे गावात त्यांचं घर. आपल्या जिल्ह्याचा माणूस साऱ्या जगाच्या विजा मोजतो, याचा आम्हाला अभिमान का नसावा? केंद्र सुरू झालं तेव्हा आमची बायजाबाई विचारायची, "मास्तर, विजा मोजून काय व्हनार हाय?" मी तिला समजावलं, अगो, ट्रान्झिस्टरवर गाणं लागलं की मधेच खर्रकन आवाज येतो ना, ती कुठेतरी चमकलेली वीज. तशी आफ्रिकेतली, जावा-सुमात्रातली वीजसुद्धा साहेबांच्या गच्चीवरच्या तारेला ऐकू येते. पृथ्वीवर सेकंदाला शंभर विजा चमकतात असं पुस्तकांत होतं. आता उपग्रह म्हणतोय, छे, त्याच्या निम्म्यासुद्धा नाहीत. खरं कोणाचं, ते ठरवायला साहेबांचे आकडे परदेशात जातात. टाळ्या वाजवा की! मी थट्टा करत नाहीये.

अडचण एकच. जवळची वीज या हिशेबात चालत नाही. डोक्यावर गडगडाट सुरू झाला की त्या गोंगाटात लांबचं ऐकू येत नाही, वर यंत्र जळायची भीती. म्हणून आपल्याकडे आभाळ आलं की केंद्राचा माणूस गच्चीवर चढायचा, तार सोडवायचा, यंत्र बंद करायचा. म्हणजे आफ्रिकेची वीज कामाची आणि पेणची वीज व्यत्यय. शास्त्राचा नियम आहे, माझी तक्रार नाही.

पण आमच्या लोकांनी त्या नियमाचं काय केलं, ते पाहुण्यांनी ऐकावं. आभाळ आलं म्हणून मिठागरवाल्याला घरी पळता येत नाही. उलट घरदार आगरात धावतं, कारण पाऊस पडला तर हंगामाचं मीठ पाण्यात. होईल तेवढं ओढून राशी करायच्या, वर झावळ्या टाकायच्या. मग पळायचं कधी? ते साहेबांची गच्ची सांगायची. सगळ्यांनी वाकून मीठ ओढायचं आणि एका बाईने गच्चीवर नजर ठेवायची, अशी पाळीच ठरलेली. "मानूस वर चढला, चला घरा!" अशी हाळी आली की फावडी टाकून सगळे धूम ठोकायचे. तिकडे यंत्र वाचायचं, इकडे माणसं वाचायची.

साहेबांना हे ठाऊक होतं का? होतं तर! मीच सांगितलं होतं. इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. शास्त्रज्ञांच्या परिषदेतही त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितल्याचं पाहुण्यांनी आत्ताच आपल्या कानांवर घातलं.

गेल्या वैशाखात आमच्या आगरातली धोंडुबाई गेली. वर्षातला पहिलाच गडगडाट होता तो. राशीवर झावळ्या टाकत उभी होती, तिथेच वीज पडली तिच्यावर. गच्चीकडे बघायची पाळी होती तिच्या सुनेची, पुतळीची. गावाने एका तोंडाने ठरवलं, हिचं लक्ष नव्हतं, हिने सासू मारली. पुतळी रडून रडून सांगत होती, "मी नजर काढली नाय. वर कोन आलाच नाय." कोण ऐकतंय? नवऱ्याने तिला माहेरी आणून घातली. ते माहेर म्हणजे माझं घर. पुतळी माझी मुलगी आहे.

मी साहेबांकडे गेलो. हात जोडून विचारलं, "साहेब, त्या दिवशी तुमचा माणूस वर चढला होता का हो?" साहेब म्हणाले, "मास्तर, तो आमच्या कामाचाच भाग आहे. चढलाच असेल." चहा पाजला मला. संपलं! गावाला पुरावा मिळाला.

आणि आज? पाहुणे, तुमचे उपकार मी कसे फेडू? माझ्या आधी बोलताना तुम्ही म्हणालात, गोपाळरावांच्या दूरदृष्टीमुळे गेल्या होळीच्या आधीच केंद्रात स्वयंचलित खटका बसला. आभाळ आलं की तार आपोआप सुटते, तेव्हापासून गच्चीवर एकदाही माणूस चढवावा लागला नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवायला लागलो आणि माझे हात तिथेच थांबले. होळी आधी आणि वैशाख नंतर, एवढं पंचांग माझ्या वर्गातल्या पोरांनाही कळतं.

साहेब, खटका बसवलात, उत्तम केलंत. आम्हाला एक निरोप धाडता आला नाही? शिपायाच्या हातीसुद्धा? बरं, तेव्हा राहून गेलं असेल, कामाच्या गडबडीत राहतं. पण मी दारात येऊन विचारलं तेव्हा? तुम्ही दुष्ट असतात तर मी तुम्हाला शिव्या घालून मोकळा झालो असतो. तुम्ही भले गृहस्थ आहात, पोरांना वह्या वाटता, आणि माझ्या पोरीचा संसार मोडताना बघत राहिलात. माझं काळीज जळतंय साहेब, आणि ते इथे सगळ्यांसमोर सांगायची मला लाज वाटत नाही.

अध्यक्षमहाराज माझ्याकडे चिठ्ठी सरकवताहेत. आवरतं घेतो. आयोजकांनी मला या व्यासपीठावर जागा दिली, त्यांचे मनापासून आभार. श्यामलावहिनी, आजचा तुमचा आनंदाचा दिवस, त्यात मिठाचा खडा टाकला, माफ करा. बाकीच्यांनीही माझं कमीजास्त बोलणं पोटात घालावं.

आता सत्कारमूर्ती उत्तराला उभे राहतील. पुतळी मागे दाराशी बसली आहे. तिचा नवरा पलीकडे, गावकऱ्यांत आहे. साहेब, जगाच्या विजांचं मागाहून सांगा. आधी या माईकवर एवढंच म्हणा, की त्या दिवशी गच्चीवर कोणीही चढलं नव्हतं. तुमचं होईपर्यंत मी इथेच उभा आहे.